शेंदराची रेघ

रोह्याहून सकाळी सुटणाऱ्या गाडीच्या शेवटच्या डब्यात सुरभी घरत रोज चोरून गायची. गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे मागचे डबे मोकळे असतात. सुरभी खिडकीशी बसायची, एका कानात इयरफोन घालून मोबाईलवरचा तानपुरा लावायची आणि गाडीच्या खडखडाटावर आवाज चढवून गळा ताणायची. नागोठणं गेलं, कासू आलं की कॉलेजची पोरं चढत. मग ती तोंड मिटून खिडकीबाहेर बघत बसे, जशी काही घरातून निघाल्यापासून गप्पच होती.

चोरून गायचं कारण असं की, गुरव सरांनी तिला जो सूर दिला होता तो तिला नको होता. पेणच्या कॉलेजात गायन घेऊन बी.ए. करणारे आठच जण. पहिल्या वर्षी सरांनी एकेकाला पेटीपुढे बसवून, कुठल्या पट्टीला कुणाचा सा, ते ठरवून दिलं. ऋतुजाला काळी पाच. सुरभीला काळी तीन. म्हणजे ऋतुजाचा आवाज उंच, सुरभीचा खालचा. सर तिला म्हणाले होते, तुझा आवाज खाली भरलेला आहे, तो तसाच राहू दे, वर ओढू नकोस.

दुसऱ्या कुणी हे कौतुक म्हणून घेतलं असतं आणि घरी जाऊन आईला सांगितलं असतं. सुरभीनं त्याचा वेगळाच अर्थ लावला. पोरीच्या जातीनं काळी तीनमधून गायचं म्हणजे बाप्यासारखं गायचं. ऋतुजाच्या घरी गणपतीचा कारखाना, संगीत विभागातली सरस्वतीची मूर्ती तिच्याच वडिलांनी दिलेली, मग उंच सूर दुसऱ्या कुणाला कशाला मिळतोय? सर आपल्याला मुद्दाम खाली दाबून ठेवतायत, असं तिनं मनाशी पक्कं केलं आणि तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीपासून गाडीत काळी पाच लावून गायला सुरुवात केली. एक दिवस सरांच्या तोंडावर उंच षड्ज लावून दाखवायचा, एवढाच तिचा बेत होता.

संशय हा तिचा स्वभावच होता म्हणा ना. दुकानदारानं वजन केलं की ती काट्याकडे बघायची, मैत्रिणी हसल्या की आपल्यालाच हसल्या असं तिला वाटायचं. पण ऋतुजावर तिनं कधी संशय घेतला नव्हता. दोघींची जोडी होती, आणि जोडी म्हणजे गुरव सरांचा शिरस्ता. एकीनं गायचं, दुसरीनं मागे बसून तानपुरा धरायचा, मग उलट. पहिल्या वर्षी लागलेली जोडी तीन वर्षं मोडायची नाही. गाणाऱ्यानं मागे वळून बघायचं नाही. गाणाऱ्याच्या पाठीला डोळे नसतात, म्हणून मागे आपलं माणूस लागतं, असं सर दर वर्षी नव्या पोरांना सांगायचे. अडीच वर्षं ऋतुजा सुरभीच्या मागे बसत आली होती आणि तानपुऱ्याची तार कधी केसभरही हलली नव्हती.

मंचपरीक्षा, म्हणजे लोकांसमोर मंचावर गाऊन द्यायची शेवटची परीक्षा, एप्रिलात होती. सुरभीचे वडील प्रविण धाटावला एका कंपनीत शिफ्टला जात. त्यांनी लेकीला सरळ सांगून टाकलं होतं की, मंचपरीक्षेत पहिला वर्ग आला तर एम.ए.ला मुंबईला पाठवीन, वाटेल ते करीन. नाही आला तर जूनपासून कंपनीच्या ऑफिसात बसायचं. तिथल्या साहेबांशी त्यांचं बोलणंही झालं होतं. माणूस वाईट नव्हता, पण गाणं म्हणजे काय ते त्यांना कळत नव्हतं. पहिला वर्ग कळत होता. सुरभीला ऑफिसातली ती खुर्ची स्वप्नात दिसायची.

आणि जानेवारी संपता संपता तिचा आवाज गेला.

एकदम नाही गेला. आधी वरचा सा फाटला. मग सकाळचं बोलणं घोगरं झालं. मग मध्यातच आवाज तुटायला लागला, नळाला पाणी येताना आधी नुसता वारा येतो, तसा. ती घाबरली आणि घाबरून गाडीत आणखी जोर लावायला लागली, आवाज परत येतोय का ते बघायला. फेब्रुवारीत ऋतुजा तिच्यासाठी काढा आणू लागली. ज्येष्ठमध, अडुळसा, खडीसाखर. स्टीलचा थर्मास, त्याच्या झाकणात ओतून द्यायची. गरम आहे तोवर पी गो, म्हणायची आणि ही पिईपर्यंत समोर उभी राहायची.

त्याच सुमाराला सरूआत्या रोह्याला आली. प्रविणची थोरली बहीण. पेणच्या पलीकडे खाडीकाठच्या गावात राहायची, जिथे मिठागरं आहेत आणि जिथे घरतांचं मूळ घर आहे. मोतीबिंदू काढायला भावाकडे आली होती, डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून भिंतीशी बसून असायची. सरूआत्या धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन नवरानवरीचं लग्न लावते ती धवलारीण. हळदीपासून पाठवणीपर्यंत तिच्या गळ्याशिवाय पान हलत नाही. चाळीस वर्षं मांडवात गाऊनही तिचा आवाज खणखणीत होता. त्यामुळे घरात गळ्याबद्दल बोलायचा मान तिचा.

सुरभीनं तिला चहा आणून दिला आणि घे आत्या म्हणाली. आत्यानं कप घेतला नाही. पट्टी नसलेला डोळा तिच्यावर रोखून तिनं एकच विचारलं.

"कोनाच्या हातचं खातेस गो?"

काय खातेस असं नाही, कोणाच्या हातचं. सुरभीला पहिल्यांदा प्रश्नच कळला नाही. मग आत्यानं सांगायला घेतलं की, आमच्यात धवलारीण दुसऱ्या धवलारणीच्या हातचा विडा खात नाही, पाणीसुद्धा घेत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी शेजारच्या पाड्यात धोंडुबाई म्हणून होती. तिचा गळा असा की भरतीच्या वाऱ्यातसुद्धा खाडीपलीकडे ऐकू जायचा. एका लग्नात तिनं मांडवात विडा खाल्ला, तिसऱ्या दिवशी आवाज बसला तो बसलाच. उभ्या जन्मात पुन्हा धवला गायली नाही.

"शेंदूर घातला व्हता तिला, इड्यात," आत्या म्हणाली. "शेंदूर पोटात गेला की गला संपला."

कोणी घातला, असं सुरभीनं विचारलं. आत्यानं हिरवी पट्टी उगाच सारखी केली.

"लोकं नाव घेतात. मी नाय घेत."

सुरभीच्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी ऋतुजानं काढा ओतून दिला आणि ती वहीत काहीतरी बघायला वळली, तेव्हा सुरभीनं झाकण उजेडात धरलं. झाकणाच्या आतल्या आट्यांमध्ये एक बारीक शेंदरी रेघ होती. तिनं नखानं खरवडली. नख शेंदरी झालं.

मग एकेक गोष्ट आपणहून रांगेत येऊन उभी राहिली. ऋतुजाच्या घरी रंगाचे डबेच्या डबे असतात. ऋतुजा काढा ओतून देते, पण स्वतः कधी घोटभर पीत नाही. सुरभी पिईपर्यंत हलत नाही. आवाज बसला म्हणून विभागाच्या कार्यक्रमातलं सुरभीचं गाणं सरांनी कुणाला दिलं, तर ऋतुजाला. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. सुरभीला त्या दिवसांत सगळं शेंदरी दिसत होतं.

चार दिवस तिनं काढा तोंडात धरून ठेवला आणि ऋतुजाची पाठ वळली की बेसिनमध्ये थुंकला. आवाज काही सुधारला नाही. सुधारणार कसा, गाडीतलं ओरडणं चालूच होतं. एवढ्यावर शहाण्या माणसाला कळलं असतं की चोर दुसरीकडे आहे. पण तिनं ते आत्याला विचारलं, आणि आत्याचं उत्तर तयार होतं. एकदा पोटात गेलेला शेंदूर बाहेर निघत नसतो.

पाचव्या दिवशी वर्गात सर यायच्या आधी ऋतुजानं थर्मास उघडला. बाकीचे सहाजण होते, कुणी तबला जुळवत होतं, कुणी डबा खात होतं. सुरभीनं झाकण हातात घेतलं नाही.

"आधी तू पी," ती म्हणाली.

ऋतुजा हसली. मला काय झालंय, म्हणाली. सुरभीनं झाकण तिच्या हातातून ओढलं, आट्यांमधून बोट फिरवलं आणि ते शेंदरी बोट सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. हा शेंदूर कसला, असं तिनं फाटक्या आवाजात विचारलं. तबला थांबला. ऋतुजानं त्या बोटाकडे पाहिलं, मग स्वतःच्या नखांकडे पाहिलं. तिला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तिचा चेहरा आधी लाल झाला आणि मग त्यावरचा सगळा रंग उतरला.

"रंग आहे. कारखान्यातला," ती म्हणाली.

असेलच, असं सुरभी म्हणाली. ऋतुजानं झाकण परत घेतलं. भरलं आणि प्यायली. पुन्हा भरलं आणि प्यायली. काढा कढत होता, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी थर्मास रिकामा होईपर्यंत ती थांबली नाही. मग नळावर जाऊन तिनं थर्मास विसळला, झाकणाच्या आट्या नखानं घासघासून धुतल्या आणि सगळं पिशवीत ठेवलं.

"उद्यापासून आणत नाय मी," एवढंच ती म्हणाली.

त्या दिवशीसुद्धा सुरभी गायला बसली तेव्हा ऋतुजा मागे तानपुरा घेऊन बसली. शिरस्ता तो शिरस्ता. तार केसभरही हलली नाही. गळा मात्र सुरभीला साथ देईना, आणि दोन मिनिटांत सरांनी हातानंच थांब म्हटलं.

संध्याकाळी तिनं सगळं आत्याला सांगितलं. पूर्ण थर्मास प्यायली म्हणजे त्यात काही नव्हतं की काय, एवढी शंका तिच्या मनात डोकावली होती. आत्यानं ती तिथल्या तिथे मिटवली.

"मंग घरनं उतारा घेऊन आली असंल."

त्या वेळी सुरभीला हे अगदी पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा बरं वाटलं. कारण उतारा नसेल तर मग तिनं सहाजणांदेखत काय केलं होतं, त्याचा विचार करावा लागला असता.

दोन दिवसांनी गुरव सर स्वतः तिला पेणच्या घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी नळीला लावलेला छोटा कॅमेरा घशात उतरवला आणि पडद्यावर तिला तिच्याच गळ्यातल्या आवाजाच्या दोन पट्ट्या दिसल्या. पांढऱ्या, ओल्या, उघडमीट करणाऱ्या. दोन्हींवर समोरासमोर एकेक बारीक फुगवटा होता, तांदळाच्या कणीएवढा. डॉक्टर म्हणाले, असे फुगवटे रोज गोंगाटात ओरडणाऱ्यांना येतात, भाजीवाल्यांना, कंडक्टरला, शाळेतल्या बाईंना. तू रियाज कुठे करतेस?

घरी, सुरभी म्हणाली. घरी एवढा गोंगाट कशाचा असतो, असं डॉक्टरांनी विचारलं. सर तिच्याकडे बघत होते. शेवटी तिनं गाडीचं सांगितलं, मागच्या डब्याचं आणि काळी पाचचंही. सांगून झाल्यावर, आता वाचायची एकच वाट उरली होती म्हणून तिनं विचारलं, पोटात शेंदूर गेला तर असं होतं का?

डॉक्टर हसले नाहीत. पडद्यावर बोट ठेवून त्यांनी दाखवलं की ही श्वासाची वाट आणि मागची ती अन्नाची. गिळलेलं इथून जातच नाही. हे तू केलंयस, बाळ, दुसऱ्या कुणी नाही. तीन आठवडे एक अक्षर बोलायचं नाही, मग हळूहळू, आणि तेही स्वतःच्या पट्टीत.

सर तिच्यासोबत बाहेर रस्त्यावर आले. रिक्षाला हात करता करता म्हणाले:

"काळी तीनमध्ये तुझ्यासारखं आपल्याकडे कोणी गात नाही, सुरभी. मीसुद्धा नाही. म्हणून दिली होती."

सुरभीला रडू आलं, पण डॉक्टरांनी रडायचाही आवाज काढू नको म्हणून बजावलं होतं. ती नुसती मान खाली घालून उभी राहिली.

मौन सुरू झालं. घरी ती मोबाईलवर लिहून दाखवायची. ऋतुजाला काहीतरी लिहायला हवं हे तिला पहिल्या दिवसापासून कळत होतं. ती लिहायची आणि खोडायची. डॉक्टरांनी बोलायला बंदी केली आहे, आवाज आला की समोरासमोरच बोलू, असं तिनं ठरवलं. बोटांना काही डॉक्टरांनी बंदी घातली नव्हती. पण माणसाला निमित्त हवं असलं की ते कुठेही सापडतं.

आणि खरं सांगायचं तर मनात अजून किंतु होता. गळ्याचं ठीक, पण ती शेंदरी रेघ? एका दुपारी कॉलेज सुटल्यावर ती रामवाडीला ऋतुजाच्या कारखान्यापर्यंत गेली. पत्र्याची लांबलचक शेड, आत बिनरंगी पांढऱ्या गणपतींच्या रांगा. ऋतुजा खाली बसून एका मूर्तीच्या सोवळ्याला शेंदरी रंग लावत होती. कोपरापर्यंत हात माखले होते. तिच्या आईनं चहा आणून दिला. ऋतुजानं हात फडक्याला पुसले, पण पुसून रंग कुठे जातो. चहा पिऊन तिनं कप खाली ठेवला तेव्हा सुरभीला दारातून स्पष्ट दिसलं, कपाच्या काठावर अंगठा होता तिथे शेंदरी रेघ उमटली होती. पहाटे उठून काढा करायचा, थर्मास भरायचा, झाकण घट्ट फिरवायचं, आणि आदल्या संध्याकाळचा रंग नखांत तसाच.

आत जाऊन पाय धरावेत असं तिला वाटलं. पण आतल्या कुणी वर बघायच्या आधीच ती मागे फिरली आणि स्टेशनवर येऊन बसली. गाडी यायला अजून दीड तास होता.

तीन आठवड्यांनी सरांनी तिला काळी तीनवर पहिला सा लावायला सांगितलं. आवाज आला. बारीक, पण स्वच्छ. मग रोज थोडा थोडा भरत गेला. गाडीत ती आता गप्प बसून यायची. मागे ऋतुजा असायची. जोडी मोडली नव्हती, पण दोघींमध्ये कामापुरतंच बोलणं उरलं होतं. तार चढव, तार उतरव, झालं. रोज सुरभी ठरवायची की आज बोलू, आणि रोज उद्यावर टाकायची. शेवटी तिनं परीक्षेचा दिवस पक्का केला. नवा थर्मास घेतला. पहाटे उठून ज्येष्ठमध, अडुळसा, खडीसाखर घालून काढा केला. ऋतुजाची पाळी तिच्यानंतर होती. आपलं गाणं झालं की हा तिच्या हातात द्यायचा आणि माफी मागायची.

परीक्षेला मुंबईहून परीक्षक बाई आल्या होत्या. सभागृहात पंखे फिरत होते, तरी एप्रिलाचा घाम थांबत नव्हता. पालक, खालच्या वर्गातली मुलं, सगळे बसले होते. प्रविण शिफ्ट बदलून आले होते, शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून. ऋतुजानं आत बसून पेटीशी ताडून तानपुरा काळी तीनला लावला होता. सुरभी मंचावर बसली, मागे ऋतुजा बसली, तारा वाजू लागल्या.

आणि सुरभीला वाटलं, तानपुरा उतरलाय.

घाबरलेल्या कानाला असं होतं. वडील समोर, परीक्षक बाई समोर, कपाळावर घाम. पण त्या क्षणी ती असा काही विचार करू शकली नाही. शेंदूर कुणी घातला नाही हे तिला माहीत होतं, कारखान्याच्या दारातून तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, तिच्या पिशवीत काढा होता. तरी हात आपोआप वर गेला आणि मान मागे वळली.

"सर, तानपुरा उतरलाय. हिनं उतरवलाय," ती म्हणाली. माईक चालू होता.

सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. गुरव सर उठून पेटीशी आले आणि त्यांनी काळी तीन दाबून धरली. पेटी आणि तानपुरा, दोन्ही एकच सूर बोलत होते, मध्ये कागद जाईल एवढीही फट नव्हती. बरोबर आहे, गा, एवढं म्हणून ते जागेवर गेले. ऋतुजाची बोटं या सगळ्यात एकदाही थांबली नव्हती.

सुरभी गायली. लाजेनं कान तापले होते, पण गळ्याला ते माहीत नव्हतं. खालचा सा असा लागला की पुढच्या रांगेतल्या कुणीतरी डोळे मिटून घेतले. भूप तिनं कधी नव्हे इतका सावकाश मांडला, आणि पाठीमागच्या तारांनी तिला एका ठिकाणीही एकटं सोडलं नाही. संपल्यावर परीक्षक बाईंनी विचारलं की ही पट्टी तुला कोणी ठरवून दिली. सुरभीनं सरांकडे हात केला. बाई म्हणाल्या, फार चांगलं केलं त्यांनी.

विंगेत आल्याबरोबर तिनं थर्मास काढला, झाकणात काढा ओतला आणि ऋतुजापुढे धरला.

"मी केलाय. ऋतू, माझं चुकलं. आधीचं पण आणि आताचं पण."

ऋतुजानं झाकणाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"नको गो," ती म्हणाली. "आता गायचंय मला."

तिनं पिशवीतून स्वतःची पाण्याची बाटली काढली आणि दोन घोट घेतले. तिचं नाव पुकारलं. सुरभी काढा तिथेच ठेवून घाईघाईनं तानपुऱ्याकडे गेली, आता आपली मागे बसायची पाळी म्हणून. ऋतुजानं पिशवीतून एक छोटा डबा काढला होता, बटण दाबलं की आपणच वाजणारा तानपुरा. तो शेजारी ठेवून ती मंचावर एकटीच बसली. सरांनी खालून खुणेनं विचारलं, जोडीदार कुठे?

"मागे कोणी नको मला, सर," ऋतुजा म्हणाली.

तीन वर्षांत सरांचा शिरस्ता पहिल्यांदा मोडला. ते बोलायला उठले आणि न बोलता खाली बसले. सुरभी तानपुरा उराशी धरून विंगेत उभी राहिली. ऋतुजा काळी पाचमध्ये गायली, उंच आणि निर्मळ, आणि एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मागे बघण्यासारखं कुणी नव्हतंच.

त्याच संध्याकाळी घरी प्रविणनी पेढे आणले. सरांनी पहिला वर्ग नक्की म्हणून कानात सांगितलं होतं. त्यांनी शेजारी वाटले, आणि लेक मुंबईला जाणार हे प्रत्येकाला दोनदा सांगितलं. सरूआत्या दुसरा डोळा करून घ्यायला पुन्हा आली होती. सगळे बाहेर गेल्यावर सुरभी तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसली आणि जे झालं ते तिनं सांगितलं. माईक, पेटी, बटणाचा तानपुरा, सगळं. आत्या ऐकत राहिली. मग सुरभीनं विचारलं, आत्या, धोंडुबाईला शेंदूर घातला म्हणून लोक नाव कोणाचं घेतात?

"माजं," आत्या म्हणाली.

सुरभी भिंतीपासून सरळ झाली.

"इडा मीच दिलेला. पन शेंदूर नव्हता घातला. देवाशप्पत नव्हता घातला," आत्या म्हणाली. "मंग तिनी माज्या हातचं पानी कदी घेतलं नाय. मेली तवा तोंडात पानी घालाया गेले, तं तिच्या सुनेनी माज्या हातातून तांब्या काढून घेतला."

मग मला शेंदूर घातला म्हणून कशाला सांगितलंस, असं विचारताना सुरभीचा आवाज चढला. आत्यानं पदरानं चांगला डोळा पुसला.

"पंचवीस वरसं सगली बोलतात, घातला, घातला. मी नाय घातला, तं दुसऱ्या कोनी तरी घातलाच असंल, असं मना पन वाटाया लागलं."

विंगेतून परत आणलेला थर्मास सुरभीच्या पिशवीतच होता. तिनं तो उघडला. काढा अजून कोमट होता. तिनं झाकणात ओतला आणि आत्यापुढे धरला, तेवढाच कुणाच्या तरी पोटात जाईल म्हणून. आत्यानं झाकण घेतलं. नुकत्याच सुधारलेल्या डोळ्यानं आत वाकून पाहिलं, काठावरून अंगठा फिरवला आणि झाकण परत सुरभीच्या हातात दिलं.

"आधी तू पी," ती म्हणाली.

सुरभी प्यायली.